माझं स्वावलंबी शेल्फ

माझ्या हातून नेमकं काय घडलं म्हणाल, तर मी शर्टाचं बटण शोधायला खाली वाकलो. बस्स. पुढे जे झालं त्यात माझा हात होता (आणि नंतर खांदे, डोकं आणि उजव्या पायाचा अंगठाही होता), पण सुरुवात बटणाने केली.

एरवी आमच्याकडे बटण तुटलं की मी जागच्या जागी उभा राहून "अगं, ऐकलंस का?" म्हणतो आणि बटण सापडतं. त्या दिवशी सुट्टी होती. बायको आतल्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होती. मला वाटलं, एवढ्याशा बटणासाठी तिला कशाला उठवायचं? आपणच शोधू. (असा विचार माझ्या मनात क्वचित येतो, आणि आला की घरातलं काहीतरी फुटतं.) बटण घरंगळत शेल्फखाली गेलं होतं.

आता या शेल्फबद्दल सांगायला हवं. ते मी केलंय. स्वतः. फळ्या मी कापल्या, भोकं मी पाडली, स्क्रू मी पिळले. माझ्या डोक्याच्या वर जाईल इतकं उंच, आणि भिंतीपासून चांगलं हातभर पुढे. भिंतीला टेकवलेलं नाही, भिंतीत एक खिळा मारलेला नाही, मागे फळीसुद्धा नाही. आलेल्या माणसाला आरपार दिसावं की हे कशाच्याही आधाराशिवाय उभं आहे, म्हणून मुद्दामच तसं ठेवलं. घरी कुणीही आलं की आधी शेल्फ दाखवायचं आणि मग चहा विचारायचा, हा माझा नियम.

"फ्री-स्टँडिंग आहे," मी सांगायचो. "स्वतःच्या पायावर उभं. कुणाचा आधार नाही की काही नाही." आणि त्याच्या कडेवर दोन टिचक्या मारून दाखवायचो. त्या वेळी घरातली सगळी माणसं आपोआप शेल्फपाशी गोळा व्हायची. आई वेलाला पाणी घालायच्या निमित्ताने खिडकीशी, बायको चहाचा ट्रे घेऊन एका कोपऱ्याला खेटून, आणि मुलगी हाताची घडी घालून शेल्फच्या मागे. मला अगदी भरून यायचं. यांना आपलं किती कौतुक, असं मनात यायचं.

मुलीला तर मी त्या शेल्फवरून संस्कारही करायचो. "माणसाने कसं असावं? असं असावं. स्वावलंबी." ती "हो बाबा" म्हणून खाली बघायची. मला तो नम्रपणा वाटायचा.

मेहुणीने अलीकडे नवीन घर घेतलं तेव्हा तिला काय द्यायचं, याचा मला एक मिनिटही विचार करावा लागला नाही. याच मापाचं, याच पद्धतीचं दुसरं शेल्फ केलं, वर माझं व्हिजिटिंग कार्ड चिकटवलं आणि टेम्पोने पाठवून दिलं. घर गावाच्या दुसऱ्या टोकाला, त्यामुळे जाणं काही झालं नव्हतं. पण तिचा फोन आला होता. "भाऊजी, काय उपयोगी वस्तू दिलीत हो! आलेलं माणूस दारातून आधी तिकडेच वळतं. आणि बाळाला तर तुमच्याशिवाय, म्हणजे तुमच्या त्या वस्तूशिवाय, करमत नाही." तो फोन मी स्पीकरवर लावून घरात सगळ्यांना ऐकवला होता.

तर मी वाकलो. शेल्फकडे मी नेहमी मान वर करूनच बघत आलो होतो, त्याच्या पायांकडे कधी बघितलंच नव्हतं. पुढच्या पायाखाली कागदाचा एक जाड गठ्ठा दिसला. "केर काढायची ही पद्धत!" असं पुटपुटत मी तो ओढला. तो निघेना. दोन्ही हातांनी ओढला. तो निघाला, आणि शेल्फ पुढे वाकलं. एखादं वडीलधारं माणूस 'काय रे, काय हरवलं?' म्हणून वाकतं ना, तसं.

मी ताडकन उठून एका तळव्याने त्याला थोपवून धरलं. दुसऱ्या हातातल्या गठ्ठ्यावर फुंकर मारली. तो माझ्या व्हिजिटिंग कार्डांचा गठ्ठा होता. प्रत्येकावर माझं नाव आणि खाली ठळक अक्षरांत 'हेडक्लार्क'. (मी हेडक्लार्क नाही. होणार होतो. नक्की होणार म्हणून कार्डं आधीच छापून घेतली, आणि खुर्चीवर दुसराच बसला. तेव्हापासून कार्डांचा डबा कपाटात होता. तो दिवसेंदिवस हलका होत चालला तसं मला वाटायचं, आपल्या ओळखी वाढताहेत.)

"अगं!" मी ओरडलो. या वेळचं 'अगं' बटणाचं नव्हतं. बायको हातात उशीचा अभ्रा घेऊन धावत आली. शेल्फ वाकलेलं बघून ती घाबरेल असं मला वाटलं. तिने शेल्फकडे बघितलंही नाही. ती माझ्या हाताकडे बघत होती.

"तुम्ही ते काढलंत?"

"म्हणजे तुला माहीत होतं?"

"अहो, आधी परत घाला ते! पुढचा डावा पाय!"

"डावा? तुला पायसुद्धा पाठ आहे?"

"वाद नंतर घाला, कार्डं आधी घाला!"

पण कार्डं घालायची तर पाय उचलायला हवा, पाय उचलायचा तर शेल्फ हलकं करायला हवं. हा विचार माझाच. आणि हलकं करायचं तर सगळ्यात जड सामान आधी काढायचं, हाही माझाच. सगळ्यात जड सामान तळाच्या खणात, पार मागे होतं. जाडजाड शब्दकोश. हे शब्दकोश माझ्या लेकीने रद्दीवाल्याकडून एकेक करून आणून तिथे लावले होते. शाळेत असल्यापासून तिला शब्दकोशांचं केवढं वेड, हे मी ऑफिसात किती जणांना सांगितलं असेन! मी बायकोला शेल्फ धरायला लावलं, खाली बसलो आणि एकेक कोश बाहेर काढायला लागलो.

शेवटचा हातात आला तेव्हा मुलगी दारात उभी होती. तिचा चेहरा पांढरा पडला.

"बाबा, ते नको! ते वजन आहे!"

"वजन आहे म्हणूनच काढतोय."

"अरे बाबा, मागे वजन असलं की पुढे पडत नाही ना! मी तेवढ्यासाठीच आणलेत ते! त्यातला एक तर कुठल्या भाषेतला आहे तेही मला माहीत नाही!"

मी तो उघडला. मलाही कळलं नाही. शब्दकोशाच्या वेडाचं काय झालं, हे विचारायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात शेल्फ आणखी पुढे आलं. बायको किंचाळली. मी मध्ये शिरलो. माझी पाठ सोफ्याकडे, तोंड शेल्फकडे, आणि वरच्या खणातलं ऑफिसातलं स्मृतिचिन्ह घरंगळून थेट माझ्या उजव्या अंगठ्यावर. ('दीर्घ व निष्ठावंत सेवेबद्दल' असं त्यावर कोरलंय. पितळ चांगलं भरीव आहे.)

अंगठ्याचं दुःख बाजूला ठेवून मला एक गोष्ट जाणवली. शेल्फ एवढं झुकूनही थांबलं होतं. पडलं नव्हतं. खाली कार्डं नाहीत, मागे वजन नाही, तरीही उभं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. "बघितलंत?" मी म्हटलं. "शेवटी सांधे! सांधे मजबूत असले की काही होत नाही. कुणी मारले होते स्क्रू?"

स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला. "वेलाला हात लावू नकोस रे!"

वेलाचा आणि शेल्फचा काय संबंध? शेल्फच्या वरच्या फळीपासून मागे खिडकीच्या गजापर्यंत आईने एक वेल सोडला होता. अगदी सरळ, ताठ गेलेला. वेल इतका सरळ जातो हे बघून मी पाहुण्यांना सांगायचो, याला शिस्त म्हणतात. आता तो ताणला गेला होता, पानं गळायला लागली होती. आईचा एवढा लाडका वेल तुटेल, म्हणून मी तो सोडवायला हात वर केला. पानं बाजूला सारली. आत जाड, पांढरी, दुहेरी विणलेली दोरी होती. तिला नीट गाठी मारलेल्या. वेल बिचारा तिच्यावर नुसता पसरला होता.

"आई! ही दोरी कसली?"

"मी सांगितलं ना, हात लावू नकोस!"

तिने सांगितलं, पण उशिरा. माझा हात लागला होता, आणि आईच्या गाठी अशा असतात की योग्य टोक ओढलं तर क्षणात सुटतात. मी नेमकं योग्य टोक ओढलं. आयुष्यात पहिल्यांदा.

मग शेल्फ आलं. सगळं एकदम. मी सोफ्यावर बसलो की बसवला गेलो, सांगता येत नाही. धडाम असा आवाज झाला, रेडिओ माझ्या मांडीत आला, धूळ उडाली, आणि धूळ बसली तेव्हा मी सोफ्यावर नीट बसलेला होतो. माझं डोकं आणि खांदे शेल्फच्या मधल्या खणातून बाहेर. मागे फळी नसल्यामुळे अख्खा खण माझ्या अंगावरून अलगद खाली उतरला होता. फळी मारली असती तर हे सांगायला मी उरलो नसतो. (मागे फळी न मारण्याचा विचार किती दूरदृष्टीचा होता, हे मी बायकोला त्याच क्षणी सांगितलं.)

कुणालाही माझ्याकडे बघायला सवड नव्हती, कारण आईही स्वयंपाकघरातून धावत आली होती आणि त्या तिघी एकमेकींकडे बघत होत्या.

"आई, तुम्ही दोरी बांधली होती?" बायको म्हणाली.

"आणि तू कार्डं घातलीस?" आई म्हणाली.

"मला वाटायचं, फक्त माझ्या पुस्तकांवर उभं आहे!" मुलगी म्हणाली. "मी किती घाबरायचे! सहलीला गेले होते तेव्हा रात्री झोप नाही आली!"

"अगं, मग मला नाही का सांगायचंस?"

"तू बाबाला सांगितलं असतंस."

"मी कशाला सांगते! मी तर दर वेळी दिवाणखाना झाडताना एक कार्ड वाढवत होते, मुकाट्याने."

"मला सुनेला सांगायची चोरी," आई म्हणाली. "म्हटलं, नवऱ्याच्या हातात कसब नाही हे तिला कळायला नको."

मी खणातून ऐकत होतो. माझ्याच घरात, माझ्याच शेल्फखाली, मागे आणि वर एवढी कारस्थानं चालू होती आणि मी त्याच्यापुढे उभा राहून टिचक्या मारत होतो! ज्यांचं गोळा होणं मी कौतुक समजत होतो ती माणसं चक्क शेल्फ धरून उभी होती. ट्रे घेऊन. पाणी घालत. हाताची घडी घालून. मला इतका धक्का बसला की रेडिओ मांडीवर आहे हेही मी विसरलो.

"पण सांगितलं का नाहीत कुणी मला?"

आई सोफ्याच्या कडेला येऊन बसली आणि खणातून बाहेर आलेल्या माझ्या डोक्यावरची धूळ पदराने पुसायला लागली.

"तुझी बढती हुकली होती, आठवतंय? तू धड जेवत नव्हतास, कुणाशी बोलत नव्हतास. नुसता त्या कार्डांच्या डब्याकडे बघत बसायचास. मग एक दिवस फळ्या घेऊन आलास. हे उभं केलंस त्या रात्री मागून भात घेतलास. कोण सांगणार होतं तुला की ते हलतंय?"

मुलीने रेडिओ उचलला, बायकोने माझा एक खांदा खणातून मोकळा केला आणि हळूच म्हणाली, "लागलं का हो फार?" लागलं होतं, पण ते अंगठ्याला नव्हे. आपल्या माणसांनी आपल्याला इतकं जपावं आणि आपल्याला पत्ताही नसावा, याचं मला एकाच वेळी सुख आणि लाज वाटत होती.

"जाऊ दे," मी म्हटलं. "पडलं ते घरातल्या घरात पडलं. कुणा परक्याकडे..."

आणि माझं वाक्य तिथेच थांबलं. दुसरं शेल्फ! याच मापाचं, याच पद्धतीचं, मागे फळी नसलेलं. मेहुणीच्या घरी. तिथे आईची दोरी नाही, मुलीचे कोश नाहीत, बायकोची कार्डं नाहीत. आणि बाळाला त्याच्याशिवाय करमत नाही!

"बाळ आता उभं राहतं का गं?" मी विचारलं. माझा आवाज मलाच ओळखू येईना.

बायकोचा हात तोंडावर गेला. "धरून उभं राहतं. हाताला लागेल ते धरतं. कालच म्हणाली."

फोन लावला. वाजत राहिला. परत लावला. कुणी उचलेना. माझ्या डोळ्यांपुढे ते इवलं पोर दोन्ही मुठींनी तळाची फळी धरून उठताना दिसलं. मी उरलेला खांदा कसा बाहेर काढला देव जाणे. टॅक्सीत बसलो तेव्हा माझ्या एका पायात चप्पल होती, शर्टाला बटण नव्हतं, आणि शेजारी तिघी बसल्या होत्या, आपापला इलाज घेऊन. आईच्या हातात दोरी, मुलीच्या मांडीवर दोन शब्दकोश, बायकोच्या पर्समध्ये कार्डांचा डबा.

"घर बदलताय?" टॅक्सीवाल्याने आरशातून विचारलं.

"नाही," बायको म्हणाली. "शेल्फ धरायला चाललोय."

"का, पळून जातंय?"

कुणीच हसलं नाही, तेव्हा त्याने मुकाट्याने गाडी जोरात काढली. वाटेत बायको मनाशी बोलावं तसं म्हणाली, "दोन्हींच्या मागे तिरकी पट्टी मारून घ्यायची आणि वरून भिंतीला लोखंडी अँगल. उद्याच सुताराला सांगते." एरवी मी म्हटलं असतं, मग ते फ्री-स्टँडिंग कसलं? आज म्हटलं, "चार अँगल मार. दहा मार. बाळाला काही झालेलं नसू दे."

दार उघडंच होतं. आत बाळाच्या हसण्याचा आवाज आला, आणि मी उंबऱ्यावरून उडीच मारली. "बाजूला व्हा! सगळे बाजूला व्हा!" बाळ दाराशीच काहीतरी धरून उभं होतं. मी त्याला उचललं, छातीशी धरलं, आणि वरून कोसळणाऱ्या शेल्फपासून त्याला वाचवायला पाठ वाकवून, डोळे मिटून उभा राहिलो.

काहीच कोसळलं नाही. मी एक डोळा उघडला. साडू दाराजवळ बसून बूट घालत होता. तो बूट हातात घेऊन माझ्याकडे बघत राहिला. मेहुणी ओले हात पुसत बाहेर आली. तिने एकापाठोपाठ एक आम्हाला बघितलं: मी एका चपलेत, आईच्या हातात दोरी, मुलीकडे शब्दकोश.

"भाऊजी! ताई! काय झालं? फोन पण वाजत होता वाटतं, नळ चालू होता म्हणून..."

"शेल्फ कुठाय?" मी ओरडलो.

"कुठलं शेल्फ?"

"मी पाठवलेलं! टेम्पोने!"

"शेल्फ?" तिने नवऱ्याकडे बघितलं. नवऱ्याने ज्याच्यावर बसला होता त्याच्याकडे बघितलं. "भाऊजी, तुम्ही तर बाक पाठवलात ना? हा काय. चपला-बुटांचा."

मी बघितलं. दाराशी माझं शेल्फ आडवं पडलं होतं. टेम्पोवाल्याने आणून जसं ठेवलं होतं, तसंच. वर बसायला लांब फळी, खाली ओळीने खण, आणि प्रत्येक खणात चपलांचा एकेक जोड. ज्या कडेला धरून बाळ उभं होतं, ती त्याच्या छातीइतकी उंच होती आणि आडवं पडलेलं ते आता कोसळणं शक्यच नव्हतं.

"किती विचार करून केलात हो," मेहुणी म्हणाली. "प्रत्येकाला वेगळा खण! येणारा आधी इथेच बसतो. आम्ही सगळ्यांना सांगतो, आमच्या भाऊजींच्या हातचा आहे."

बाळ माझ्या उघड्या शर्टात हात घालून हसत होतं, आणि मला हसावं की रडावं कळेना. मी तिघींकडे बघितलं. तिघी छताकडे बघत होत्या.

"हो," मी म्हटलं. "बाकच. बाकच केला होता मी."

"बसा ना मग, उभे का?"

मी बाळाला घेऊन बसलो. बाक एका बाजूला किंचित कलला आणि परत सरळ झाला.

"जरासा डुगडुगतो हं," साडू ओशाळून म्हणाला. "आम्ही त्या कोपऱ्याखाली काहीतरी सारलंय. तुम्हाला सांगणार नव्हतो, उगाच वाईट वाटेल म्हणून."

मी वाकलो. (हो, पुन्हा.) कोपऱ्याखाली घडी घालून सारलेलं माझं व्हिजिटिंग कार्ड होतं. 'हेडक्लार्क' एवढंच बाहेर दिसत होतं.

बायकोने पर्समधून डबा काढला आणि बहिणीच्या हातात दिला.

"एकाने नाही भागायचं," ती म्हणाली. "सगळी राहू देत तुझ्याकडे. दर झाडण्याला एक वाढव."